आठ महिने ठासणीचं रिव्हॉल्वर वापरल्यावर

ठासणीचं, म्हणजे काडतुसाऐवजी बंदुकीची सुटी काळी दारू आणि गोळी ठासून भरायचं रिव्हॉल्वर घेताना वाटलं होतं, सुट्टीच्या दिवशी तासभर नेम साधायचा आणि परत यायचं. आठ महिन्यांचा हिशोब वेगळाच निघाला. तासभर बार काढले की दीड तास बेसिनपाशी उभं राहावं लागतं.

माझं आहे रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीच्या धर्तीवरचं, पॉइंट ४४ चं. लोक त्याला '१८५८' म्हणतात, पण ते साल पेटंटचं. मूळ हत्यार अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या सुमारास बनू लागलं. दिसायला त्याच काळातलं कोल्ट १८६० जास्त देखणं, मान्य. पण कोल्टची वरची बाजू उघडी, आणि नेम धरायची मागची खाच घोड्यावरच (चाप ओढला की केपेवर आपटतो त्या खटक्यावरच) कोरलेली. रेमिंग्टनला सिलिंडरवरून, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यावरून, पोलादी पट्टी जाते, म्हणून सांगाडा भक्कम. पितळी सांगाड्याचं स्वस्त मिळतं, पण जास्त दारू भरत राहिलात तर तो हळूहळू ताणला जातो. थोडे पैसे जास्त गेले तरी पोलादी घ्या. आणि आधी आपल्याकडचा परवान्याचा कायदा नीट वाचा.

पहिला दिवस फजितीचा. सहापैकी दोनच बार निघाले. निपलमध्ये (सिलिंडरच्या मागची पोकळ बोंडी, जिच्यावर ठिणगी देणारी छोटी टोपी, म्हणजे केप, बसते) कारखान्याचं तेल तसंच होतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता भरण्याआधी रिकाम्या सिलिंडरवर केपा चढवतो, नळी सुरक्षित दिशेला गवताजवळ धरतो आणि एकेक फोडतो. गवताचं पातं हललं की वाट मोकळी! बार नाही निघाला तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचं. उशिरा पेटलेली दारू हसत नाही.

बरोबर आलेली निपलंही धड नव्हती. १० नंबरची केप बसेना, ११ नंबरची घसरून पडे. दोन महिने केपा चिमटून चालवलं, मग निपलंच बदलली. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

भरण्याचं मात्र व्यसन लागतं. दारूच्या बुधलीतून आधी मापात २५ ग्रेन (सुमारे १.६ ग्रॅम), मापातून चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या एकेका खणात. बुधली थेट चेंबरला लावायची नाही, आत एखादी ठिणगी जिवंत असली तर सगळी बुधली हातात पेटेल. वर चरबी-मेणाची नमद्याची चकती, मग मऊ शिशाची गोळी, आणि नळीखालच्या दांड्याने दारूला टेकेपर्यंत ठासायची, मध्ये पोकळी नको. गोळी बसताना कडेने शिशाची बारीक अंगठी सुटते. ती सुटली नाही तर गोळी लहान आहे. मी ०.४५१ इंचाची सोडून ०.४५४ ची घेतली ती यासाठीच. चकती आणि घट्ट गोळी असली की एका चेंबरची आग शेजारच्यात जायचा धोका बराच कमी होतो. मी पाचच भरतो, घोडा सहाव्या रिकाम्यावर. काडतुसांतली धूररहित दारू यात कधीही नाही, चिमूटभरही नाही. सिलिंडर फुटेल.

खरी तक्रार काजळीची. तिसऱ्या फेरीला सिलिंडर फिरताना कुरकुरतो, कारण तो ज्यावर फिरतो ती रेमिंग्टनची मधली पिन बारीक आणि तिच्यावर राख लगेच चिकटते. इथे कोल्ट सरस: त्याचा आस जाड असून त्यावर वंगण धरायला खाचा असतात. (उलट फुटलेल्या केपा आत पडून अडकायचा त्रास कोल्टला जास्त.) यंत्राचं खनिज तेल लावून पाहिलं, तर काजळीचं डांबर झालं. आता पिनला चरबी-मेणच.

एकदा कंटाळा करून साफसफाई दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुपारी पाहतो तर चेंबरांत नारिंगी गंज. ही राख हवेतला ओलावा ओढते. तेव्हापासून त्याच संध्याकाळी गरम पाणी, भांड्यांचा साबण, निपलं काढून ब्रश, कोरडं करून तेलाचा हात. गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास घरभर फिरतो. भांड्यांसाठी नवा ब्रश आला आहे, जुना माझ्या नावावर लिहून दिलाय.