डेव्हिस व्हँटेज प्रो2 : एकाच खांबावर सगळं बसवणार असाल तर घेऊ नका

तापमान ±0.3 अंश सेल्सिअस, आर्द्रता ±2 टक्के, वाऱ्याची नोंद दर 2.5 सेकंदांनी. व्हँटेज प्रो2 या घरगुती हवामान केंद्राच्या खोक्यावरचे हे आकडे खरे आहेत. पण ते सेन्सरचे आकडे आहेत. तापत्या भिंतीला टेकून लावलेला ±0.3 चा सेन्सर त्या भिंतीचं तापमान तेवढ्याच अचूकतेने सांगेल. त्यामुळे या संचाचा कस मांडणीत लागतो, आणि त्यात जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजायचे ती गोष्ट म्हणजे पवनवेगमापकाची 12 मीटर लांब केबल. बाकी बहुतेक गोष्टी हल्ली स्वस्त संचांतही मिळतात.

कारण साधं आहे. तिन्ही उपकरणांना जागा वेगवेगळी लागते. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, शक्यतो गवतावर, फरशी आणि भिंतींपासून लांब हवा. पर्जन्यमापक आडोशाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, चौपट मिळालं तर फारच उत्तम. वाऱ्यासाठी जागतिक हवामान संघटनेचं मानक 10 मीटर उंचीचं आहे, आणि अडथळा त्याच्या स्वतःच्या उंचीच्या दसपट लांब हवा. घरांच्या दाटीत ही शेवटची अट जवळपास कोणालाच पाळता येत नाही, पण निदान उंची तरी गाठता येते.

सगळे सेन्सर एकाच डोक्यात बसवलेला संच गच्चीवर नेला की वारा बरा मिळतो, पण स्लॅबची धग तापमानात शिरते आणि पाऊस कमी भरतो, कारण उंचावरचा वारा थेंब नरसाळ्यावरून पलीकडे उडवून नेतो. तोच संच अंगणात लावला तर पाऊस-तापमान ठीक, पण वारा म्हणजे फक्त कुंपणापाशी काय हललं त्याची नोंद. डेव्हिसचाच व्हँटेज व्ह्यू याच जातीचा आहे, त्याचा पवनवेगमापक वेगळा काढता येत नाही. जागाच एका खांबापुरती असेल तर व्ह्यू किंवा तसाच एखादा संच घ्या. प्रो2 चे वरचे पैसे वाया जातील.

खांब उभा करण्याआधी सगळं टेबलावर जोडून चालू करून बघा. पर्जन्यमापकाच्या आत पावसाचं पाणी मोजणारी कलती वाटी प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यातच केबल टायने बांधलेली असते. ती टाय कापायची राहिली की पहिल्या मुसळधार पावसातही पडद्यावर 0.0 दिसतं, आणि मग लोक बिचाऱ्या सेन्सरला दोष देतात. टाय कापून वाटी हाताने एकदा कलती करा, मेट्रिक आवृत्तीत 0.2 मिमी वाढायला हवेत. इंचाच्या आवृत्तीची वाटी 0.01 इंचाला, म्हणजे 0.254 मिमीला कलते. वाटी इंचाची आणि कन्सोलचं (नोंदी दाखवणारा घरातला पडद्याचा डबा) सेटिंग 0.2 मिमीचं असेल तर पाऊस पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी दिसतो, तोही दरवेळी त्याच प्रमाणात. त्यामुळे ही चूक वर्षभर लपून राहू शकते.

वाऱ्याच्या वाट्या दांड्यावर शेवटपर्यंत वर ढकलून मगच सेट स्क्रू आवळायचा. त्यासाठी 0.05 इंचाची ॲलन की सोबत येते, ती जपून ठेवा, घरातल्या मिलिमीटरच्या संचात त्या मापाची सापडत नाही. पवनवेगमापकाचा आडवा हात उत्तरेकडे असेल असं धरूनच दिशेची नोंद कारखान्यात लावलेली आहे. हात उत्तरेला लावता येत नसेल तर कन्सोलमध्ये दुरुस्ती घाला. आणि उत्तर म्हणजे भौगोलिक उत्तर. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, दोन्हींतला फरक तुमच्या जागेसाठी किती आहे ते नकाशावरून काढा. दुपारी सूर्य माथ्याच्या दक्षिणेला असतो अशा ठिकाणी सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून हवं.

आता केबल. 10 मीटरच्या खांबाच्या पायथ्याशी, दोन मीटरवर मुख्य संच (पर्जन्यमापक आणि तापमापक एकत्र असलेला भाग) बसवला तर 12 मीटर आरामात पुरते. पण मुख्य संच हिरवळीत आणि खांब घराच्या टोकाला असेल तर आडवं अंतर, उंची आणि संचात शिरण्याआधी खाली सोडायचा झोळ (नाहीतर पाणी केबलवरून सरळ आत उतरतं) यांची बेरीज आधी फितीने मोजा. कमी पडत असेल तर पवनवेगमापकासाठी वेगळा ट्रान्समीटर घेता येतो, त्याला कन्सोलमध्ये वेगळा क्रमांक द्यावा लागतो. केबल खांबाला दर मीटरभर अंतरावर बांधा, आणि पांढऱ्याऐवजी उन्हाला टिकणाऱ्या काळ्या टाय वापरा. सुटी केबल वाऱ्यात खांबावर आपटत राहिली की आतली तार तुटते, आणि मग वेग कधी बरोबर, कधी शून्य असा खेळ सुरू होतो. खांब बिजागरीवर आडवा करता येईल असाच घ्या, बेअरिंग कधीतरी बदलावं लागणारच. धातूचा असेल तर अर्थिंग करायचंच.

पर्जन्यमापकाच्या तळात पाणसळीचा बुडबुडा दिलेला आहे. तो मधोमध आणल्याशिवाय नटबोल्ट घट्ट करू नका, कारण वाटीच्या दोन बाजू असमान भरल्या की एकही नोंद विश्वासाची राहत नाही. तपासणी सोपी आहे. नरसाळ्याचा व्यास 16.5 सेमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 214 चौसेमी, त्यामुळे 1 मिमी पाऊस म्हणजे 21.4 मिली पाणी. बाटलीच्या बुचाला टाचणीने बारीक भोक पाडून 500 मिली पाणी तासाभरात थेंब थेंब सोडा. 23.4 मिमी, म्हणजे मेट्रिक वाटी साधारण 117 वेळा कलायला हवी. 112 ते 122 मध्ये आलं तर हात लावू नका. फरक जास्त असेल तरच खालचा समायोजन स्क्रू पाव फेरा फिरवून परत मोजा. पाणी घाईने ओतलं तर आकडा कमीच येणार, कारण वाटी कलत असताना पडलेलं पाणी कोणाच्याच हिशोबात धरलं जात नाही. खऱ्या ढगफुटीसारख्या सरीतही हेच होतं, आणि ही मर्यादा सगळ्याच कलत्या वाटीच्या पर्जन्यमापकांची आहे.

बिघाड ओळखायचे ते आलेखावरून. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास ठरावीक अंतराने 0.2, 0.2 असे टप्पे येत राहिले तर नरसाळ्याच्या तोंडात पान किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली आहे आणि साठलेलं पाणी झिरपतंय. पाऊस नसताना सोसाट्याच्या वाऱ्यात एकदम 0.4-0.6 मिमी दिसलं तर खांब थरथरतोय. बाहेर धो धो आणि आत काहीच नाही, तर झाकण काढून कोळ्याचं जाळं बघा. कोळ्यांना ही जागा फारच आवडते.

तापमानाच्या बाबतीत साधी, पंखा नसलेली आवृत्ती वारा पडलेल्या कडक उन्हात अंशभर, कधी त्याहून जास्त चढते. सेन्सरभोवतीचं थाळ्यांचं कवच कितीही चांगलं असलं तरी आत हवा खेळली नाही तर ते स्वतःच तापतं. मोकळ्या, वाहत्या जागेत एवढ्यावर भागतं. चारी बाजूंनी भिंती असतील तर चोवीस तास पंखा चालणारी आवृत्ती घ्या, पण पंख्याकडे लक्ष ठेवा. तो बंद पडला तर कवच साध्या कवचापेक्षाही जास्त चुकतं, आणि कन्सोल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. रात्री जवळच्या केंद्राशी जुळणारं तापमान दुपारीच अचानक फटकून वागू लागलं की पंखा बघावा.

वायुदाबाचा सेन्सर बाहेर नसतो, तो घरातल्या कन्सोलमध्ये असतो. म्हणून समुद्रसपाटीपासूनची जी उंची भरायची ती कन्सोलची, खांबाची नव्हे. सखल भागात दर साडेआठ मीटरला साधारण 1 हेक्टोपास्कल असा हिशोब आहे, त्यामुळे कन्सोल दुसऱ्या मजल्यावर नेला तरी फरक दिसतो. जवळच्या विमानतळाच्या ताज्या नोंदीशी, वारा शांत असताना, ताडून घ्या.

रेडिओची पोच मोकळ्या जागेत 300 मीटर सांगतात, भिंतींमधून 60 ते 120 धरून चाला. लोखंडी पत्रा किंवा भरपूर सळया असलेलं काँक्रीट मधे आलं तर तेवढीही नाही. वारंवारता देशागणिक बदलते, दुसऱ्या देशातून मागवलेला मुख्य संच इथल्या कन्सोलशी बोलणार नाही. शेजारी हाच संच असेल तर ट्रान्समीटरचा क्रमांक 1 वरून बदला, नाहीतर त्यांचा पाऊस तुमच्याकडे पडेल.

कंपनीवर खरा राग येतो तो इंटरनेटच्या बाबतीत. जुन्या कन्सोलला संगणकाशी जोडायला डेटा लॉगर (नोंदी साठवणारा जोडभाग) वेगळा घ्यावा लागतो. संचाच्या नोंदी इंटरनेटवर चढवणारा वेदरलिंक लाइव्ह हा डबाही वेगळा, आणि कंपनीच्या मोफत खात्यावर माहिती 15 मिनिटांनी एकदाच चढते. त्यातल्या त्यात बरं हे की वेदरलिंक लाइव्ह घरच्या नेटवर्कवर ताजी माहिती थेट देतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीडब्ल्यूएक्स (weewx) हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं की कंपनीच्या सर्व्हरची गरज उरत नाही.

बाहेरच्या संचाची वीज सौर पॅनेल आणि कपॅसिटरवर (दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणारा भाग), जोडीला सीआर-123 लिथियम सेल. रिचार्जेबल सेल घालायचा नाही. पहाटे संपर्क तुटतो आणि सूर्य वर आला की आपोआप परत येतो, असं सलग काही रात्री झालं तर सेल संपलाय. नवा घालूनही तसंच चालू राहिलं तर कपॅसिटर दमलाय. सुटे भाग मात्र एकेक मिळतात, बेअरिंग, तापमानाचा सेन्सर, वाट्या, सगळं. त्यामुळे एक भाग गेला म्हणून अख्खा संच टाकावा लागत नाही.