डीप्लायर: अटींनुसार मूल्ये बदलण्याचे भरवशाचे साधन
आर या माहिती-विश्लेषणाच्या संगणकभाषेतील मूळ इफएल्स हे अटीनुसार दोनपैकी एक मूल्य देणारे फंक्शन छोट्या कामाला पुरते; मात्र तारखांच्या स्तंभावर चालवले की तारखांऐवजी नुसते आकडे हाती येतात आणि अटी वाढल्या की कंसात कंस अडकत जातात. हॅडली विकम व सहकाऱ्यांचे डीप्लायर हे मोफत पॅकेज या दोन्ही अडचणी दूर करते. त्यातील केस-व्हेन या फंक्शनमध्ये अटी एकाखाली एक लिहिता येतात आणि प्रत्येक नोंदीला खरी ठरलेली पहिली अट लागू होते. त्यामुळे परीक्षेचा निकाल लावताना ‘किमान ७५ गुण’ या अटीच्या आधी ‘किमान ३५ गुण’ ही उत्तीर्णतेची अट लिहिली, तर विशेष प्रावीण्य कोणालाच मिळत नाही.

२०२३ मधील १.१.० आवृत्तीपासून उरलेल्या नोंदींसाठी डिफॉल्ट मूल्य स्पष्टपणे देता येते. सोय उत्तम आहे, पण खरा धोकाही येथेच आहे. गैरहजर विद्यार्थ्याच्या गुणांच्या जागी एनए (मूल्य उपलब्ध नसल्याची खूण) असेल, तर कोणतीच तुलना खरी ठरत नाही आणि डिफॉल्ट मूल्य ‘अनुत्तीर्ण’ ठेवले असल्यास तो कोणत्याही इशाऱ्याविना त्याच गटात जातो. एखाद्याच्या निकालाचा प्रश्न असल्याने एनए तपासणारी अट सर्वांत वर लिहावी, असा माझा आग्रह आहे.

एकाच स्तंभात संख्या आणि मजकूर मिसळू लागल्यास केस-व्हेन त्रुटी दाखवून थांबते. नवख्यांना हा कडकपणा जाचक वाटेल. मला तो या पॅकेजचा सर्वांत मोठा गुण वाटतो.