मिल्टन कीन्सची पार्कं चालवणाऱ्या बिनपगारी ट्रस्टींचा रिव्ह्यू (साडेचार स्टार)

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या विलन लेकला (म्हणजे तळ्यावर) जाऊन बदकांचे चार फोटो टाकायचे, पाच स्टार द्यायचे आणि घरी यायचं, असे रिव्ह्यू ढिगाने आहेत, त्यात माझी भर नको. मला रिव्ह्यू लिहायचाय तो ही सगळी पार्कं ज्यांच्या जिवावर चालतात त्या माणसांचा, म्हणजे द पार्क्स ट्रस्टच्या ट्रस्टी बोर्डाचा. कारण इथे नवीन आलेलं आपलं कुणीही पहिल्या महिन्यात हेच म्हणतं की "वा, काउन्सिल टॅक्स घेतात पण पार्कं काय भारी ठेवलीत!" आणि दर वेळी मला सांगावं लागतं की बाबांनो, यातलं बहुतेक काउन्सिल (म्हणजे इथली महापालिका) सांभाळतच नाही, तळी, जंगलं, नदीकाठ, ग्रिड रोडच्या (चौकटीसारख्या आखलेल्या मोठ्या रस्त्यांच्या) दोन्ही बाजूंची झाडी हे सगळं एक चॅरिटी बघते आणि तिच्यावर शेवटचा शब्द असलेल्या माणसांना त्या कामाचा एक पैसा मिळत नाही.

थोडा इतिहास सांगते, त्याशिवाय गंमत कळणार नाही. मिल्टन कीन्स हे १९६७ साली ठरवून वसवलेलं गाव (२०२२ पासून अधिकृत सिटी, पण आम्ही गावच म्हणतो). गाव उभं करायला सरकारने एक डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नेमलं होतं आणि त्या लोकांनी रस्ते-घरं आखताना हिरवळ हात सैल सोडून आखली. १९९२ ला कॉर्पोरेशन बंद करायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की ही साडेचार हजार एकराच्या वरची हिरवळ द्यायची कुणाच्या गळ्यात? काउन्सिलला दिली तर दर वर्षी बजेटला शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, रस्ते आणि गवत एकाच रांगेत उभे राहणार आणि रांगेतून पहिलं बाहेर कोण पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून वेगळी चॅरिटी काढली, जमीन तिला ९९९ वर्षांच्या लीजवर दिली आणि (खरी हुशारी इथे आहे) सोबत सुमारे २ कोटी पौंडांची मालमत्ता दिली, त्यात मुख्यतः कमर्शियल प्रॉपर्टी. त्यांचं भाडं येतं आणि त्यातून गवत कापलं जातं. जुन्या काळी देवळाला दिवाबत्तीसाठी इनाम जमीन लावून द्यायचे ना, तस्संच, फक्त देवाच्या जागी तळी आणि झाडं.

आता ट्रस्टकडची ही हिरवळ ६ हजार एकरांच्या वर गेलीय. पुण्याच्या लोकांसाठी सांगते, आपलं एम्प्रेस गार्डन ३९ एकरांचं आहे. आणि हे वाढलं कसं, तर गाव वाढतं तशी नवीन वस्तीतली मोकळी जमीनही ट्रस्टकडे येते, पण नुसती जमीन नाही, तिच्या देखभालीची रक्कमही सोबत येते. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. आपल्याकडे उद्यानाचं उद्घाटन होतं, कोनशिलेवर नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांची नावं असतात, कारंजं असतं, आणि दोन वर्षांनी कारंज्याच्या हौदात वेफर्सची पाकिटं तरंगत असतात, कारण बांधायला फंड होता, चालवायला कुणी ठेवलाच नव्हता. इथल्या ट्रस्टींची नावं एकाही पार्कच्या बोर्डावर मला तरी दिसलेली नाहीत.

मग हे ट्रस्टी करतात काय? आपल्याकडे ट्रस्टी म्हटलं की डोळ्यासमोर देवस्थानचा ट्रस्टी येतो, पहिल्या रांगेतली खुर्ची, पाहुण्यांना व्हीआयपी दर्शन, आणि निवडणुकीला दोन पॅनल. इंग्लंडमधे प्रकार बराच रुक्ष आहे. आपल्या धर्मादाय आयुक्तांसारखं इथे चॅरिटी कमिशन आहे आणि त्यांचे नियम एकदम स्पष्ट आहेत. ट्रस्टीपणाचा पगार सहसा घेता येत नाही, जाण्यायेण्याचा वगैरे रास्त खर्च तेवढा मिळतो. एखाद्या विषयात स्वतःचा फायदा असेल तर आधी सांगायचं आणि त्या निर्णयातून बाजूला व्हायचं. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे आणि त्याची जबाबदारीही सगळ्यांची, "मी त्या मिटिंगला नव्हतो" हे चालत नाही. हलगर्जीपणाने संस्थेचं नुकसान केलं तर ते स्वतःच्या खिशातून भरून द्यायची पाळीसुद्धा येऊ शकते. म्हणजे पैसे शून्य आणि डोक्याला ताप, वर चहाबरोबर बिस्किटं मिळत असली तर मिळत असतील.

आणि त्यांच्यापुढचे विषय बघा. भाडेकरू गेला, जागा रिकामी पडली, आता भाडं कमी करून कुणाला द्यायची की थांबायचं. मार्केट पडलंय तर गुंतवणूक हलवायची की नाही. या वर्षी जास्त खर्च करून नवीन काहीतरी करायचं की मूळ रकमेला हात न लावता गप्प बसायचं. कुठलाही भाडेकरू गेला की त्याची झळ शेवटी कुठल्या तरी गवताला लागणार, हे जो माणूस लक्षात ठेवतो तो चांगला ट्रस्टी. मला हे काम कुणी दिलं तर पहिल्या मिटिंगला झोप लागेल, पण या कंटाळवाण्या कामावरच शनिवारी सकाळी ९ वाजता विलन लेकच्या काठाने शेकडो लोक पार्करनला, म्हणजे दर आठवड्याच्या सामूहिक धावेला, फुकटात पळतात.

सगळ्यात अवघड विषय झाडं तोडण्याचा. अ‍ॅश नावाच्या झाडाला एका बुरशीचा रोग लागलाय, ब्रिटनमधे तो २०१२ ला सापडला आणि आता देशभर ही झाडं वाळतायत. वाटेशेजारचं झाड वाळलं की ते पाडावंच लागतं, उद्या कुणाच्या डोक्यात फांदी पडली तर? शिवाय गाव वसवताना ज्या झाडांच्या दाट रांगा लावल्या त्या मुद्दाम दाट लावलेल्या होत्या, पुढे विरळ करायच्या हिशोबाने, मग चेनसॉ चालू झाला की फेसबुक पेटतं. मी पण पहिल्यांदा ओंडक्यांची रास बघून हळहळले होते. पण त्याच जागी पुढच्या वसंतात जमिनीपर्यंत ऊन पोचलं की खाली काय काय उगवतं ते बघायला जा म्हणजे कळेल. मतांवर निवडून आलेला माणूस हा निर्णय निवडणूक होईपर्यंत पुढे ढकलेल, ट्रस्टीला ती भीती नाही. हा या पद्धतीचा फायदा, आणि तोटाही नेमका हाच आहे, त्यावर पुढे येते.

आता प्रत्यक्ष सर्व्हिसबद्दल. विलनला दोन तळी आहेत, साऊथला बोटिंग, वेकबोर्डिंग, पोरांचा कल्ला, आणि नॉर्थ पक्ष्यांसाठी शांत ठेवलेलं, त्याच्या काठावर जपानी बौद्ध भिक्षूंनी बांधलेला पीस पॅगोडा, १९८० चा, युरोपातला पहिला. एकाच जागी मौज आणि निसर्ग दोन्ही ठेवायचं तर भांडण ठरलेलं, ते इथे मधे सीमा आखून मिटवलंय आणि मला ते पटतं. मुळात ही तळी नुसती शोभेची नाहीतच, पावसाचं जास्तीचं पाणी साठवायला खोदलेली आहेत, म्हणजे उझेल नदी फुगली की पाणी इथे येऊन थांबतं आणि लोकांच्या घरात शिरत नाही. त्यामुळे जोराच्या पावसानंतर नदीकाठची वाट पाण्याखाली दिसली तर "काय मेंटेनन्स आहे यांचा" म्हणून वन स्टार देऊ नका, ते पाणी तिथेच यायला हवंय.

साऊथ लेकच्या पार्किंगला पैसे पडतात, यावरून लोक कुरकुरतात. मला विचाराल तर गाडी घेऊन आलेल्याने थोडं द्यावं आणि सायकलवर, पायी आलेल्याला सगळं फुकट असावं यात काही चूक नाही.

माझी स्वतःची आवडती जागा मात्र विलन नाही, हाऊ पार्क वुड. शेकडो वर्षांचं जुनं रान, संरक्षित, ब्लॅक हेअरस्ट्रीक नावाचं दुर्मिळ फुलपाखरू तिथे आहे, आणि दारातच छोटा कॅफे, त्यामुळे ज्यांना फुलपाखरांत रस नाही त्यांना केक खाऊ घालून आणता येतं. दुसरी जागा फ्लडप्लेन फॉरेस्ट, ही आधी वाळू-खडी काढायची खाण होती यावर विश्वास बसत नाही, आता पाणथळ आहे, पक्षी बघायला आडोसे आहेत. फ्लिप फ्लॉप घालून जाऊ नका, चिखल आहे.

आणि गुरं! मिल्टन कीन्स म्हटलं की सगळं इंग्लंड काँक्रीटच्या गाईंवरून चेष्टा करतं (१९७८ चं शिल्प आहे), पण खऱ्या गाई आणि मेंढ्या पार्कात चरतात, अगदी शहराच्या मधोमध कॅम्पबेल पार्कात ऑफिसांच्या काचांसमोर मेंढ्या. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "या कुणाच्या? आणि राखायला कुणी कसं नाही?" तर राखायला आहेत, त्यांना लुकर म्हणतात, तेही व्हॉलंटियरच. आमच्या ओळखीतले एक काका, मूळ सांगलीकडचे, रिटायर झाल्यावर हे काम करतात. एकदा त्यांच्यासोबत फिरले. आधी फाटक बंद आहे ना ते बघायचं, मग मोजायचं, आणि मोजणं दिसतं तितकं सोपं नाही कारण मेंढ्या एका जागी उभ्या राहतील तर शपथ, काका ओठ हलवत बोटाने मोजतात, मधे एखादी सरकली की "च्यायला" म्हणून परत एकपासून. मग पाण्याचं कुंड, कुणी लंगडतंय का, कुंपणाची तार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठली मेंढी पाठीवर उलटी पडलेली नाही ना. अंगावर लोकर खूप असली की तिला आपली आपण उठता येत नाही, पोटात गॅस धरतो आणि वेळेत कुणी सरळ केलं नाही तर ती मरते. काका म्हणाले, "तुमचे ते मोठे ट्रस्टी भाड्याचे हिशोब बघत असतील, आपलं डिपार्टमेंट मेंढी सरळ करणे." दोघंही बिनपगारीच.

आता अर्धा स्टार का कापला. या ट्रस्टींना आपण रहिवासी मत देऊन निवडत नाही. काउन्सिलर आवडला नाही तर पुढच्या वेळी पाडता येतो, इथे नाही. हिशोब उघडे असतात, वार्षिक रिपोर्ट चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर कुणालाही फुकट वाचता येतो, ट्रस्टींनी किती खर्च उचलला, ६० हजार पौंडांच्या वर पगार किती स्टाफला आहे हेसुद्धा त्यात द्यावं लागतं, पण रिपोर्ट वाचता येणं आणि खुर्चीवरून उठवता येणं यात फरक आहे. आणि बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याचं घर चाललंय तो. २०१७ ला चॅरिटी कमिशनने इंग्लंड-वेल्समधल्या ट्रस्टींचा अभ्यास करून घेतला होता, त्यात पुरुष बायकांच्या दुप्पट, ९२ टक्के गोरे, आणि बहुतेक वयस्कर आणि बऱ्या कमाईचे असं निघालं. हे या एका ट्रस्टबद्दल नाही, सगळ्या देशाचं चित्र आहे. पण पार्कात रविवारी फिरणारी माणसं आणि देशभरच्या बोर्डांवर बसणारी माणसं शेजारी शेजारी उभी केली तर फोटो जुळणार नाही एवढं नक्की.

यात आपलाही थोडा दोष आहे हो. आपली मंडळी परदेशात गणपतीच्या मंडळाची कार्यकारिणी रात्री बारापर्यंत भांडून चालवतात, खजिनदार एकेका पौंडाचा हिशोब एक्सेलमधे ठेवतो, हॉलच्या भाड्यावरून घासाघीस करतो, म्हणजे ट्रस्टीला लागणारं सगळं ट्रेनिंग झालेलं आहे! पण कुठल्या चॅरिटीने ट्रस्टी हवेत अशी जाहिरात टाकली की ग्रुपवर पहिला रिप्लाय, "पगार नाही? मग कशाला?" नियम एवढेच की वय बसायला हवं (बहुतेक ठिकाणी १८), दिवाळखोरीत नसावं, फसवणुकीसारख्या गुन्ह्याची शिक्षा डोक्यावर नसावी. इंग्लिश फाडफाड पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

पुण्याला हे जमेल का असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं एम्प्रेस गार्डन बघ, ते महापालिकेचं नाहीये, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० ची संस्था ते चालवते, जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन बघायला अख्खं पुणं लोटतं. म्हणजे माणसं मिळतात. टेकड्यांच्या बाबतीत मात्र जमीन कुणाची यावरच निम्मी भांडणं जातात आणि सोबत कायमचं भाडं देणारी प्रॉपर्टी कोण लावून देणार, बिल्डर? ;)

तर येणाऱ्यांसाठी: लंडन युस्टनहून फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता. ब्लूबेल बघायचे असतील तर एप्रिलच्या शेवटी लिन्फर्ड वुडला या, निळ्या फुलांचा नुसता सडा. सगळ्या पार्कांत टॉयलेट असेल असं धरून चालू नका, आजी-आजोबा सोबत असतील तर विलन साऊथ नाहीतर हाऊ पार्क वुडच गाठा. बदकांना पाव घालू नका. हिवाळ्यात चारला अंधार पडतो आणि झाडीतल्या वाटांवर दिवे नाहीत, तेव्हा दुपारचं जेवण लवकर उरकून निघा. आणि एखादी मेंढी चारी पाय वर करून पडलेली दिसली तर ती ऊन खात नाहीये, फाटकाच्या बोर्डवर नंबर असेल तर त्यावर लगेच फोन करा.