कखेतीची रकात्सितेली : सालीसकट द्राक्ष

फेब्रुवारीच्या शेवटी लेक जॉर्जियातल्या तिबिलिसीहून सुट्टीला आली. तिथं ती एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या वाईनच्या दोन बाटल्या निघाल्या. विमानानं येताना शुल्क न भरता दोन लिटरपर्यंतच आणता येतं, म्हणून पाऊण-पाऊण लिटरच्या दोनच. "आई, जन्म द्राक्षात गेलाय तुझा. हे तू प्यायलाच पाहिजेस," म्हणाली.

त्या दिवशी बेदाण्याच्या शेडवर आमचा द्राक्षांचा दुसरा तोडा डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर सुकायला पडला होता. संध्याकाळी घरी आले तरी बोटांना त्या तेलाचा वास होता. तासगाव तालुक्यात बेदाणा करणाऱ्या बाईला हा वास नवा नाही. अर्धी रात्र तो अंगावरच असतो.

वाईन मी याआधी नाशिककडं गेल्यावर दोन-तीनदा चाखली होती. पांढरी बरी लागली, पण लक्षात राहिली नाही. ही पहिली बाटली मात्र, कखेती भागातल्या रकात्सितेली नावाच्या द्राक्षाची, ग्लासात ओतली आणि मी दिव्याखाली धरून बघत बसले. चांगल्या सोनेरी बेदाण्याची मूठ उन्हात धरावी तसा रंग, आणि थोडी गढूळ. लेक म्हणाली, गाळलेली नाही, तळाला साका असेल, शेवटचा घोट सावकाश ओत.

अशा वाईनला ऑरेंज वाईन म्हणतात म्हणून सासूबाईंनी विचारलं, "संत्र्याची हाय व्हय?" संत्र्याचा हिच्याशी काही संबंध नाही. डेव्हिड हार्वी नावाच्या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्यानं 2004 मध्ये रंगावरून हे नाव दिलं. जॉर्जियातले लोक तिला अंबर म्हणजे तृणमण्याच्या रंगाची वाईन म्हणतात, आणि मला तेच जास्त पटतं. द्राक्षं पांढरीच. एरवी पांढऱ्या वाईनला रस काढला की साल बाजूला करतात. इथं लाल वाईनसारखी साल रसातच ठेवतात. कखेतीत तर साल, बिया आणि घडाचे देठ सगळं एकत्र, पाच-सहा महिने.

पहिला घोट मात्र चुकला. मी बाटली दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवली होती. गार वाईन नुसती कडू लागली, वास काहीच नाही. लेकीनं ग्लास दोन्ही तळव्यांत धरायला लावला. अर्ध्या तासानं तोच ग्लास वेगळा झाला. आधी वाळलेलं जर्दाळू, मग कोरा चहा, मग अक्रोड, आणि सगळ्याच्या मागं मार्चमधल्या शेडचा वास : दुपारी कापड वर केल्यावर अर्धवट सुकलेल्या मण्यांवरून येतो तो, गोड आणि जरा आंबूस. हा वास बाटलीत भरता येतो हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

मग तोंडात तुरटपणा येतो. आवळा खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा, पण बारीक, आणि गिळल्यावरही बराच वेळ राहणारा. हे सगळं सालीचं काम. आम्ही इकडं सालीशी उलटं वागतो. खायच्या द्राक्षाची साल पातळ पाहिजे, दाताला लागता कामा नये. बेदाण्याला तर सालीवरचं मेण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात सैल करायचं, म्हणजे आतलं पाणी पंधरा दिवसांत निघून जातं आणि चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो. माझ्या लेखी साल म्हणजे वाटेतली अडचण होती. कखेतीतला शेतकरी तिलाच जपतो.

तिथं वाईन जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात होते. त्याला क्वेव्री म्हणतात. आकार अंड्यासारखा, तळ टोकदार, आतून मधमाशीच्या मेणाचा हात. फसफसताना साल वर येते, ती दिवसातून चार-सहा वेळा काठीनं खाली दाबायची. शांत झाली की तोंड बंद करून माती लावायची. बिया टोकात जाऊन बसतात, म्हणून त्यांचा कडवटपणा वाईनमध्ये कमी उतरतो. त्या देशात 8000 वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या वाईनचे अंश सापडले आहेत, आणि क्वेव्रीच्या रीतीला युनेस्कोनं 2013 मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. इटलीच्या ओस्लाव्हियातला योश्को ग्रावनर हा नावाजलेला वाईनवाला आधुनिक पद्धतींना कंटाळून 2000 साली जॉर्जियात गेला आणि 2001 पासून स्वतःची वाईन रांजणात करायला लागला, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट मनात बसली. त्यांची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आम्ही ऑक्टोबर छाटणीला कात्री लावतो तेव्हा. आणि वसंतात ते रांजण उघडतात तेव्हा आमची शेडं भरलेली असतात. रकात्सितेलीचा अर्थ लाल शिंग. काडी तांबूस असते म्हणून. जातीला काडीवरून नाव देणारे लोक आपलेच वाटले.

जेवायला भरली वांगी होती, कृष्णाकाठची, दाण्याचा कूट आणि तीळ घालून, सोबत ज्वारीची भाकरी. पांढरी वाईन या मसाल्यापुढं टिकली नसती. हिच्या तुरटपणानं तेल कापलं आणि प्रत्येक घासाला तोंड नव्यानं तयार झालं. लेकीनं सांगितलं, तिकडंही तळलेल्या वांग्यात लसूण घालून वाटलेला अक्रोड भरतात. दुसऱ्या दिवशी अक्खा मसूर केला, तोही जमला. खर्ड्याबरोबर मात्र घेऊ नका. मिरचीची आग आणि तुरटपणा एकमेकांना चढवतात, तोंडात काहीच उरत नाही.

दुसरी बाटली किसी नावाच्या द्राक्षाची होती. ती मवाळ, पिकल्या नाशपातीच्या वासाची. ज्याला पहिल्यांदाच प्यायची आहे त्यानं तिच्यापासून सुरुवात करावी. पण तिला उघडल्या उघडल्या नेलपॉलिशसारखा वास होता. तो तासाभरात उतरला, तरी पूर्ण गेला नाही. टिकण्यासाठी घालतात ते गंधक कमी घालून घरगुती केलेल्या वाईनला हा धोका असतो. 40 लारी, म्हणजे बाराशेच्या आसपास देऊन हा वास मिळाला तर वाईट वाटतं, आणि मला वाटलं.

रकात्सितेली आम्ही तीन दिवस पुरवली. बूच लावून ठेवली तरी मोडली नाही, दुसऱ्या दिवशी तर जास्तच चांगली लागली. ह्यांनी विचारलं, आपल्या बेदाण्याच्या थॉमसन द्राक्षाची होईल का अशी? मला नाही वाटत. थॉमसनच्या सालीत देण्यासारखं फार काही नाही, ते आपण स्वतःच निवडून काढून टाकलंय.

तिसऱ्या दिवशी उरलेला अर्धा ग्लास घेऊन मी शेडवर गेले. वरच्या जाळीवरचे मणी हिरव्याचे पिवळे होत होते. एक मणी सोलून साल तेवढी चावली, आणि वर वाईनचा घोट घेतला. लेकीला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी दोन्ही बाटल्या रकात्सितेलीच्याच आण.