दगडूची पाण्याची ताटली : नऊ महिने वापरून

जानेवारीत कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून लाल मातीच्या दोन ताटल्या आणल्या, कुंडीखाली ठेवतात तसल्या. बारा इंच रुंद, काठ दीड इंचाचा. तिथल्या कुंभारमामांनी विचारलं, "वहिनी, कुंडी कुठली देऊ?" कुंडी नको, घरातल्या कासवाला पाणी ठेवायचंय म्हटल्यावर त्यांनी ताटली उलटी धरून बोटानं टणटण वाजवून दाखवली. "भाजणी पक्की हाय. पण पाणी मुरणार बघा हिच्यात, लाल मातीच ती." मुरेना का, असं म्हणून मी पैसे दिले. पुढच्या नऊ महिन्यांत जे काही कळलं, त्यातलं निम्मं त्या मुरण्याबद्दलचंच आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी कासवाबद्दल. दगडू आफ्रिकन सल्काटा जातीचा, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला. म्हणजे जमिनीवरचं कासव. मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही कासवच म्हणतो, त्यामुळं घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "टबात ठेवत नाही का?" नाही. याला पोहता येत नाही, खोल पाण्यात हा बुडून मरेल. मावसभाऊ नोकरीसाठी लांब गेला तेव्हा डिसेंबरात दगडू आमच्याकडं आला. वनखात्याकडची नोंदणी आहे, ती आमच्या नावावर करून घेतली. आपल्या रानातलं पिवळ्या चांदण्यांचं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी 'शुभ असतं' म्हणून द्यायला आलं तरी घेऊ नका.

दगडू सध्या सतरा सेंटिमीटरचा, वजन एक किलोच्या आत. मागच्या खोलीत त्याच्यासाठी लाकडी खोका केलाय, त्यात माती आणि कोकोपीट, एका टोकाला गरम दिवा. वाळवंटातलं जनावर म्हणजे पाणी लागत नाही असा समज माझाही होता. प्रत्यक्षात ही कासवं तिकडं खोल बिळं खणून ओलाव्यात दिवस काढतात, आणि लहानपणी कोरड्यात वाढली तर पाठीवर उंचवटे येतात. पाणी रोज हवं आणि स्वच्छ हवं. कारण सरळ आहे. हा पाण्यात पाय टाकतो, तोंड बुडवतो, पितो आणि तिथंच शी करतो.

भावानं दगडूबरोबर दिलेलं भांडं खडकासारखं दिसणारं होतं, रेझिनचं, ऑनलाइन मागवलेलं. दिसायला फार सुंदर. पण त्या नकली खडकाला जेवढ्या खाचा, तेवढ्या घाणीला जागा. दात घासायच्या ब्रशनं एकेक खाच घासावी लागायची आणि तरी चौथ्या दिवशी वास यायचाच. मग स्टीलची परात ठेवली. धुवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण दगडूची नखं तिच्यावर घसरायची. एकदा पुढचे पाय पसरून तो परातीतच अडकला आणि नुसता खरडत राहिला. तो आवाज ऐकून मी धावले. त्याच दिवशी परात स्वयंपाकघराबाहेर कायमची गेली आणि दुसऱ्या दिवशी मी कुंभार गल्लीत.

लाल मातीच्या ताटलीत तो पहिल्यांदा उतरला ते अजून डोळ्यासमोर आहे. पाय जराही सरकला नाही. मधोमध जाऊन थांबला, मान लांब केली आणि नाकपुड्यांसकट तोंड पाण्यात घातलं. गळ्याखालची सैल कातडी आत-बाहेर, आत-बाहेर. दोन-तीन मिनिटं डोळासुद्धा हलला नाही. पाण्याची खूण ताटलीच्या भिंतीवर स्पष्ट खाली सरकलेली दिसली. एवढं पितात हे मला माहीत नव्हतं. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंतच ठेवायचं असतं, त्यामुळं दीड इंचाचा काठ अगदी माफक आहे.

जानेवारी ते मे या काळापुरतं बोलायचं तर ही ताटली दहापैकी नऊ. उन्हाळ्यात माठासारखी पाझरते, पाणी गार राहतं. पण हे सगळ्यांना चालेलच असं नाही. मार्च-एप्रिलच्या कोल्हापुरी उकाड्यात ठीक, जानेवारीच्या पहाटे मात्र पाणी फारच गार व्हायचं, म्हणून ताटली दिव्याच्या थोडी जवळ सरकवली. तिथं दुसरीच अडचण. कोमट पाणी दुपारपर्यंत आंबट वास मारायला लागलं. शेवटी दिव्यापासून लांब ठेवून सकाळी कोमट पाणी घालायचं असं ठरलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिले दोन महिने मी दिवसाला तीन-तीन वेळा ताटली धुवायची आणि तरी दर वेळी त्यात काहीतरी तरंगत असायचं. दोष ताटलीचा समजत होते. पशुवैद्य डॉक्टरांनी वेगळंच विचारलं, "आंघोळ कधी घालता?" मी आठवड्यातून एकदा, दुपारी घालत होते. ते म्हणाले, पाण्याचा स्पर्श झाला की कासवाचं पोट मोकळं होतं, मग ते कुठं मोकळं व्हावं हे तुम्ही ठरवा. तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी, ताटली भरायच्या आधी, त्याला जुन्या प्लास्टिकच्या घमेल्यात वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवते. बाळाच्या पाण्यासारखं कोपर बुडवून बघते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला काम होतं. कधी शी, कधी भिजवलेल्या चुन्यासारखा पांढरा लगदा. तो लगदा म्हणजे युरेट, त्याच्या लघवीतला घट्ट भाग. मऊ असेल तर पाणी पुरतंय, खरखरीत वाळूसारखा लागला तर कमी पडतंय. मी दर वेळी तो बोटांत, म्हणजे हातमोजा घालून, चोळून बघते. आंघोळीनंतर दगडू खोक्यात, आणि मग स्वच्छ पाण्याची ताटली. ज्या दिवशी आंघोळ असते त्या दिवशी ताटलीतलं पाणी बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत नितळ राहतं. कुठलीही नवी ताटली घेऊन एवढा फरक पडला नसता.

दुसरा फरक पडला शहाबादी फरशीच्या तुकड्यांनी. ताटली मातीत ठेवली की दगडू चार पायांनी अर्धा खोका तिच्यात ओढून आणतो. आता खोक्याची एक बाजू उघडी करून ताटली बाहेर टाइल्सवर आणि मधे बिनपॉलिशचे तीन तुकडे, पायरीसारखे. त्यांच्यावरून येताना पायाची माती गळते, नखंही झिजतात. पाण्यात तळाला बसणारा गाळ पार कमी झाला.

धुण्याबद्दल. पाणी बदललं म्हणजे भांडं साफ झालं असं नाही. ओतून टाकल्यावर आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे, आणि तो नुसत्या पाण्यानं जात नाही, घासावाच लागतो. जंतुनाशकसुद्धा त्या थरावर ओतलं तर वरच्या वर राहतं. आधी घासणं, मग जंतुनाशक, हा क्रम उलटा चालत नाही. लाल मातीला मी नारळाची शेंडी वापरते, साबण नाही, कारण माती साबण पिते. बोट फिरवल्यावर करकरीत लागेपर्यंत घासायचं. आमच्याकडं वापरायचं पाणी बोअरचं, त्यानं पांढरी वलयं धरतात. ती व्हिनेगरनं निघतात, पण प्यायला नळाचं पाणी ठेवायला लागल्यापासून वलयं धरायचीच थांबली.

हे सगळं मागच्या मोरीत, वेगळ्या बादलीत. ती शेंडी एका लाल दोऱ्यानं बांधून खिळ्याला अडकवलीय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती भांडी घासायला जाऊ नये. स्वयंपाकाच्या सिंकमध्ये ही ताटली कधीही धुवू नका. कासवांच्या पोटात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, कासव स्वतः ठणठणीत असतं आणि माणसाला जुलाब-ताप येतो, लहान मुलांना जास्त. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीला बंदी आहे ती याचसाठी, मुलं ती तोंडात घालायची म्हणून. माझी पुतणी चार वर्षांची आहे. ती दगडूला बघते, पाला भरवते, पण ताटलीला हात लावायचा नाही आणि नंतर साबणानं हात धुवायचे, यात सूट नाही. सासूबाई देवळातल्या गाभाऱ्यासमोरच्या कासवासारखा त्याला रोज नमस्कार करतात, त्यांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी ऐकलं. घाण पाणी मी संडासात ओतते. जास्वंदीला घालत नाही, कारण त्याच जास्वंदीची पानं दगडू खातो आणि शीतले जंत परत त्याच्याच पोटात जायचे.

माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली जानेवारीतच. निर्जंतुक करायचं म्हणून गार ताटलीत उकळतं पाणी ओतलं आणि टच्चकन तडा गेला. दुसरी चूक जास्त लागली. एप्रिलमध्ये उरलेली ताटली ब्लीचच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवली. सकाळी खळखळून धुतली, नाकाला वास आला नाही, भरून ठेवली. दगडू काठापर्यंत यायचा, मान पुढं करायचा आणि मागं फिरायचा. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी ताटलीतलं पाणी हुंगलं तर वास स्पष्ट होता. मामांनी सांगितलं होतं ते हेच. जे मुरतं ते परत बाहेरही येतं. त्या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, उन्हाळ्याचे दिवस होते. तेव्हापासून लाल मातीला ब्लीच पूर्ण बंद. घासून, धुवून, दिवसभर कडक ऊन. फिनेल आणि तसल्या उग्र वासाची जंतुनाशकं तर कासवाच्या कुठल्याच भांड्याला नकोत, ती त्यांना विषारी पडतात.

आणि मग पाऊस लागला. इथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जूनच्या शेवटापासून कपडे वाळत नाहीत तिथं मातीची ताटली काय वाळणार. ऊन हेच तिचं औषध आणि तेच नाही. खालच्या बाजूला आधी काळे ठिपके, मग हिरवट लव. आत बोट फिरवलं की चार तासांत बुळबुळीत. बदलून वापरायला अजून एक घ्यावी म्हणून कुंभार गल्लीत गेले तर ऑगस्टमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडं गणपती. मामांच्या हाताला रंग लागलेला. "वहिनी, आता काय बी नाही बघा, गणपती झालं की या." मग लक्ष्मीपुरीतून चिनी मातीची पसरट ताटली आणली, आतून-बाहेरून झिलई असलेली, तळाला आडव्या रेषा उठवलेल्या. त्या रेषांमुळं पाय धरतो. उरलेला पावसाळाभर तीच वापरली. तिला आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन टेबलस्पून साधं ब्लीच, दहा मिनिटं, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुणं आणि फडक्यानं कोरडं करणं. व्हिनेगर आणि ब्लीच एकाच दिवशी वापरत नाही, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. झिलईला टवका गेला तर मात्र ताटली बदलायची, टवक्यातून तीच मुरण्याची गोष्ट सुरू होते.

पावसाळ्यात डासांचंही बघा. डेंगीचा एडीस डास घरातल्या अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी टिकून राहतात. म्हणून काठ घासणं तळ घासण्याइतकंच गरजेचं. रोज पाणी बदलून काठावरून शेंडी फिरवली तर काळजी नाही.

आता विचाराल तर माझा निवाडा असा. एकच घ्यायची असेल तर चिनी मातीची घ्या. पण दगडूला विचारलं तर तो लाल मातीकडंच जाईल, हे मी बघितलंय. दसऱ्यानंतर चांगलं ऊन पडायला लागल्यावर दोन्ही शेजारी शेजारी भरून ठेवल्या, सलग आठवडाभर. एक दिवस सोडला तर तो दर वेळी लाल मातीतच उतरला. म्हणून परवा पुन्हा कुंभार गल्लीत जाऊन आणखी दोन घेऊन आले, म्हणजे एक वापरात आणि दोन गच्चीवर उन्हात. या वेळी थोड्या मोठ्या, चौदा इंची, कारण तो वाढतोय. मामांनी त्याही वाजवून दिल्या.