मुलीच्या माळ्यावरच्या खोलीत माझे २,३२,७०० रुपये कसे गेले

आधी आकडा सांगते, कारण नातेवाइकांना मी आजवर कमीच सांगत आले आहे. दोन लाख बत्तीस हजार सातशे रुपये. बदल्यात माझ्याकडे चार खोकी आहेत, आणि त्यांतलं काहीही त्या खोलीत उभं राहत नाही.

लेक नऊ वर्षांची झाली, तिला स्वतःची खोली हवी होती. खाली जागा नाही, वर माळा रिकामा. १४ फूट लांब, १२ फूट रुंद. मधोमध आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा, साडेआठ फुटांवर, आणि तिथून दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, कडेच्या भिंतींशी अडीच फुटांवर येऊन टेकतात. म्हणजे आढ्याखालून एक फूट बाजूला सरकलात की छपरही एक फूट खाली येतं. हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी फसवणूक याच एका वाक्यात आहे आणि ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

माणूस जाहिरातीतून सापडला. ‘मुलांच्या माळ्यावरच्या खोल्यांचे खास काम, इंच न् इंच वापरात.’ पुढचा साचा तुम्हाला ठाऊक आहे: गोड बोलणं, फुकट थ्री-डी चित्र, ‘ताई, तुम्ही निर्धास्त राहा’, आणि या आठवड्यात पैसे भरले तरच सवलत. मी भोळी नाही. मी त्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, दोघांशी स्वतः बोलले. दोघांनीही तोंड भरून कौतुक केलं. ते त्याचेच लोक असणार हे आज कळतं. पण याहून जास्त काय करायचं असतं माणसाने? हो, एक करायचं असतं. झालेलं काम घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं, आणि तिथे राहणाऱ्या मुलाला विचारायचं की कपाट उघडतं का.

माप घ्यायला तो आला नाही. फोनवरच लांबी-रुंदी विचारली, चार फोटो मागवले आणि १६८ चौरस फुटांना १,७०० रुपयांचा दर लावून २,८५,६०० रुपयांचा अंदाज पाठवला. उतरत्या छपराखालच्या खोलीचं काम जो फरशीच्या क्षेत्रफळावर लावतो, त्याला तिथल्या तिथे फोन ठेवायला सांगा. पाच फुटांच्या वर उंची मिळते ती फक्त आढ्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीन साडेतीन फूट. सात गुणिले चौदा, ९८ चौरस फूट. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमांत खोलीचं किमान क्षेत्रफळ मोजताना पाच फुटांहून बुटकी जागा धरतच नाहीत, हे मी पैसे गेल्यावर वाचलं. उरलेल्या ७० चौरस फुटांत मूल रांगतं, उभं राहत नाही. त्यांचे त्याने १,१९,००० रुपये लावले होते.

आता चित्राकडे येते, कारण रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे.

चित्र सुंदर होतं. डावीकडच्या पाख्याखाली फिकट गुलाबी उंच पलंग, पलंगाखाली अभ्यासाचं टेबल, उजवीकडे भिंतभर कपाट, षटकोनी फळ्या, गोल खिडकी. आमच्या माळ्याला गोल खिडकी नाही. चौकोनी आहे. मी ते पाहिलं आणि स्वतःलाच समजावलं की नुसतं नमुन्याचं चित्र आहे, खिडकीचं काय एवढं.

त्या संध्याकाळी मी फोन घेऊन माळ्यावर गेले, लेकही आली. चित्र बघत बघत ती डाव्या बाजूला गेली, जिथे पलंग येणार होता तिथे. भिंतीपासून दोन फुटांवर ती थांबली, छपराला हात लावला, डोकं लावलं आणि म्हणाली, “आई, इथे तर मी उभीपण राहू शकत नाही. मग वरचा पलंग कुठे मावणार?”

मी म्हणाले, “त्या काकांना कळतं गं, ते रोज हेच काम करतात.”

तिचा प्रश्न बरोबर होता. तिने टेप लावली नव्हती, नुसतं डोकं लावलं होतं. ती बोलली त्या क्षणी माझ्या हातात फोन होता, खाली कपाटात टेप होती, आणि एक रुपयाही गेला नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं. मी तिला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ४० टक्के आगाऊ रक्कम भरली, १,१४,२४० रुपये. कंपनीच्या नावाचं खातं ‘दुरुस्तीत’ होतं म्हणून एका वैयक्तिक खात्यावर. नाव वेगळं दिसलं तर थांबा. कारण काहीही सांगोत.

तीन आठवड्यांनी फोटो आले: कारखाना, कापलेल्या फळ्या, वर खडूने आमचं आडनाव. ‘माल तयार आहे, ३५ टक्के द्या.’ ९९,९६० रुपये गेले. मग आणखी १८,५०० रुपये, ‘उतरत्या छपराच्या खास बिजागऱ्यांसाठी’. या वेळी नवऱ्याने विचारलं की पाख्याला कसली आली खास बिजागरी. मी भांडले त्याच्याशी. एवढे दिलेत तर १८,५०० साठी काम अडवायचं का, असं माझं म्हणणं. दिलेले पैसे वाचवायला म्हणून आणखी पैसे देतो आपण, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. कारखान्याचे फोटो मी नंतर इंटरनेटवर उलटे शोधले, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते पाहिलं. आडनाव सोडून तेच फोटो तीन वेगळ्या ठिकाणी सापडले. हे आधी करा. एक मिनिट लागतं.

खोकी आली तेव्हा टेम्पोवाला एक पुडकं घेऊन वर आला, मान वाकवून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, हे इथं बसणार नाही. यांनी माप घेतलं नव्हतं का?” सगळ्या प्रकरणात माझ्याशी खरं बोललेली माणसं दोनच, तो आणि माझी लेक.

कपाट ७८ इंच उंच आणि दोन फूट खोल. साडेसहा फुटांची वस्तू त्या खोलीत फक्त आढ्याच्या दोन फूट इकडे-तिकडे उभी राहते, म्हणजे नेमकी खोलीच्या मध्यात, चालण्याच्या वाटेवर. पलंगाची गादी साडेपाच फुटांवर. टोकाच्या त्रिकोणी भिंतीला आडवा आणि अगदी आढ्याखाली मधोमध लावला, तरी सहा फुटी पलंगाचं टोक आढ्यापासून तीन फुटांवर जातं. तिथे छपर साडेपाच फुटांवर आहे. उशीवर उरलेली जागा शून्य. चित्रात मात्र सगळं मावत होतं, कारण त्याने कडेच्या भिंती पाच फूट उंच काढल्या होत्या. आमची खोली त्याने काढलीच नव्हती.

आणि माल? १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय सांगितला होता. आला पार्टिकल बोर्ड. कापलेली कड बघा: प्लायला पापुद्र्यासारखे थर दिसतात, बोर्डाला दाबलेला भुगा. मी एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी कड पोह्यासारखी फुगली होती. छपराखाली ऊन तापतं, पावसात ओल धरते, तिथे हे टिकत नाही. दोन खोक्यांवर दुसऱ्याच कुणाच्या ऑर्डरची चिठ्ठी होती. फोन लावला, त्या दिवशी ‘मिस्त्री पाठवतो’, दुसऱ्या दिवशी बंद. आजपर्यंत बंद.

पोलिसांकडे तीन वेळा गेले. पहिल्यांदा ‘सगळ्याच्या प्रिंट काढून आणा’. काढल्या, ४१ पानं. दुसऱ्यांदा ‘त्याचा पत्ता आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा’. तिकडे गेले तर ‘पैसे तुमच्या हद्दीतून गेले, तिकडे जा’. तिसऱ्यांदा अडून बसले, तेव्हा समोरच्या साहेबांनी खोक्यांचे फोटो पाहिले आणि म्हणाले, “माल आलाय ना? मग ही फसवणूक कुठली, हा दिवाणी वाद झाला.” तेव्हा कळलं चार खोकी का पाठवली होती. माल बसावा म्हणून ती पाठवलीच नव्हती, हे वाक्य ऐकवलं जावं म्हणून पाठवली होती! पंधरा-वीस हजारांचा भुसा टाकायचा आणि दोन लाखांचा गुन्हा ‘वाद’ करून टाकायचा. हे त्या भामट्याला कळतं आणि रोज असे अर्ज वाचणाऱ्यांना कळत नाही? मी तिथेच रडले. मला पाणी दिलं, पोच दिली नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मी उठले, म्हणून माझ्या एकाही खेपेचा पुरावा नाही.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: रक्कम तुम्ही स्वतः पाठवली आहे. ते खातं गोठवा म्हटलं तर ‘पोलिसांचं पत्र आणा’. पोलीस म्हणतात बँकेकडून तपशील आणा. दोन खिडक्यांमध्ये मी सहा आठवडे चालले, तेवढ्यात ते खातं रिकामं झालं असणार. जाहिरात जिथे पाहिली त्यांना अकरा तक्रारी केल्या. ‘आमच्या धोरणाचे उल्लंघन आढळले नाही’ असं अकरा वेळा उत्तर आलं. ग्राहक आयोगात अर्ज केलाय. नोटीस गेली, ‘या पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत आली. आता नवा पत्ता मी शोधून द्यायचा आहे. मी! पगार कुणाला मिळतो हे शोधण्याचा?

खोली शेवटी आम्हीच लावली. आधी छपराची उंची जिथे पाच फूट होते तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने रेघ ओढली, भिंतीपासून दर फुटाला उंची मोजून कागदावर मांडली. हे काम तुम्ही कुणालाही फोन लावण्याआधी करा, आणि तो कागद न मागणाऱ्याला दारात उभं करू नका. पलंग बुटका, पाख्याखाली, कारण झोपायला उंची लागत नाही. फक्त मूल उठून बसेल तेवढं अंतर उशीच्या बाजूला बघा. अडीच फुटी भिंतीलगत चाकांचे खण, जे ओढून बाहेर येतात, म्हणजे वळचणीकडची वायरिंग आणि हवा जायची फट कधीही तपासता येते. पुस्तकं लांब बुटक्या फळीवर. उंच वस्तू एकच, कपड्यांचा दांडा, तोही त्रिकोणी भिंतीवर आढ्याखाली. जे काही भिंतीशी उभं राहील ते भिंतीला पक्कं आवळा, मुलं खण उघडून त्यावर चढतात. आणि कुणी उंच पलंग गळ्यात मारत असेल तर कठडा गादीच्या वर किमान पाच इंच आहे का विचारा. माझ्या खोक्यातला कठडा गादी टाकली की तिच्या बरोबरीला येत होता.

टेप लेकीने धरली, आकडे मी लिहिले. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

तो माणूस नावं बदलतो, म्हणून नाव सांगून उपयोग नाही. चित्र मात्र तो बदलत नाही. मागच्या आठवड्यात नव्या नावाखाली तीच जाहिरात पुन्हा दिसली: डावीकडे फिकट गुलाबी उंच पलंग, उजवीकडे भिंतभर कपाट, षटकोनी फळ्या, गोल खिडकी, आणि पाख्याखाली ताठ उभी असलेली एक मुलगी. हे चित्र तुमच्या फोनवर आलं तर त्याला पुढचा हप्ता देऊ नका, आणि दिला असेल तर आजच बँकेत जा.