आईच्या बोटावरचा ऑक्सिमीटर: दीड वर्षानंतर

दीड वर्ष, रोज तीन वेळा वापरून मग लिहितेय. खोकं उघडल्याउघडल्या पाच चांदण्या देणाऱ्यांतली मी नाही.

आईला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार आहे, म्हणून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा, बोटाला चिमट्यासारखा लावायचा हा ऑक्सिमीटर घेतला. आकडे ठळक, तिला चष्म्याशिवाय दिसतात. बोट काढलं की आपोआप बंद होतो, सेल भरपूर टिकतात. झाकण सैल झालंय, त्याला चिकटपट्टी लावलीय. इथवर तक्रार नाही.

तक्रार एका रात्रीची आहे. आई उशीला टेकून बसलेली, एकेक वाक्य तोडून बोलत होती. यंत्रावर 94. ‘‘बघ, चौऱ्याण्णव आहे. उगाच धावपळ नको,’’ म्हणाली, आणि मीही दोन तास थांबले. शेवटी नेलंच. मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं, तर ऑक्सिजन 87. बोटावरचं आमचं यंत्र त्या क्षणीही 94च म्हणत होतं. हात गरम होते, नखांना काही लावलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, गडद कातडीवर ही यंत्रं कधीकधी जास्त दाखवतात.

मग मी वाचायला बसले. यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं आणि रक्तानं कुठला किती शोषला त्यावरून आकडा काढतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, तिथे हिशेब चुकू शकतो. 2020 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला: ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तातलं प्रमाण प्रत्यक्षात 88च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत निघालं, गोऱ्यांच्या 3.6 टक्के. म्हणजे आमची 94–87ची जोडी काही जगावेगळी नव्हती.

पण हे आधीच का कळलं नाही? कारण चाचणीला बोटं कुणाची होती ते बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची 2013ची सूचना अशी: किमान 10 माणसं, त्यात गडद वर्णाची किमान 2 किंवा 15 टक्के, जे जास्त असेल ते. चाचणी बहुधा धडधाकट लोकांवर, ऑक्सिजन मुद्दाम कमी करून. आईसारखी म्हातारी, आजारी, सावळी बाई त्यात येणार कुठून? त्यांच्याच जानेवारी 2025च्या मसुद्यात एकूण माणसांचा आकडा किमान 150 केलाय आणि कातडीचा रंग दहा छटांच्या पट्टीवर मोजायला सांगितलाय. मसुदाच आहे म्हणा, पण दहावरून इथवर आले.

आमच्या यंत्राची पुस्तिका भिंगाखाली धरून वाचली. नेलपॉलिश काढा, हात हलवू नका, उन्हात वापरू नका, सगळं आहे. चाचणी ‘निरोगी प्रौढांवर’ केली, एवढी एक ओळ. कातडीबद्दल चकार शब्द नाही. कंपनीला विचारलं, गडद वर्णाचे किती जण होते? उत्तर आलं, ‘उत्पादन मानकांनुसार आहे.’ मी विचारलं होतं काय!

पाचपैकी तीन. यंत्र फेकलेलं नाही. आकडा चढतोय की उतरतोय हे त्यावर बऱ्यापैकी कळतं, म्हणून वहीत रोज लिहिते. डॉक्टरांनी आईपुरती धोक्याची नवी रेघ आखून दिलीय आणि बोलताना धाप लागली तर यंत्राला न विचारता फोन करायला सांगितलंय. परवा तिनंच आकडा न बघता सांगितलं, ‘‘आज बरं नाही वाटत, चल.’’

यंत्रावर 95 होतं. आम्ही गेलो.